भूविज्ञानाच्या वर्गात गुण कशाचे मिळतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान विद्यार्थ्यांसाठी आहे आणि पालकांसाठीही. नियम थोडक्यात दिले आहेत. पण काही ठिकाणी दर वर्षी त्याच चुकीसाठी तेच गुण जातात. तिथे उदाहरण देऊन सविस्तर लिहिलं आहे.

हा विषय म्हणजे भूगोलच ना?

अर्धामुर्धा. नकाशे, नद्या, वारे इथेही आहेत. पण 'कुठे काय आहे' यापेक्षा 'हे असं का झालं आणि आपल्याला ते कशावरून कळलं' याला इथे जास्त वजन आहे. वर्षभरात खनिजं आणि खडक, भूकंप आणि भूपट्ट, नकाशा आणि नदीची झीज, हवामान, पृथ्वीचा इतिहास आणि शेवटी चंद्र-सूर्य असा प्रवास होतो. गणित लागतं, पण गुणोत्तर, टक्केवारी आणि आलेख यांच्या पलीकडचं नाही.

गुणांची विभागणी कशी आहे?

प्रात्यक्षिकं ३५, घटक चाचण्या ३०, दीर्घ निरीक्षण प्रकल्प २० आणि नोंदवही १५, असे एकूण १००. वर्गात हात वर करण्याचे, शांत बसण्याचे किंवा सुवाच्य अक्षराचे वेगळे गुण नाहीत. आकडा वाचता आला नाही तर मात्र तो लिहिलेला नाही असंच धरलं जातं. १ आणि ७ वेगळे दिसतील याची काळजी घ्या.

माझ्या चारही विभागांची सरासरी ७५.५ येते. मग निकालात ७४ कसे?

कारण ही साधी सरासरी नाही, भारित सरासरी आहे. समजा प्रात्यक्षिकात ७८ टक्के, चाचण्यांत ६४, प्रकल्पात ७० आणि नोंदवहीत ९० टक्के मिळाले. ७८ चे ३५ टक्के २७.३, ६४ चे ३० टक्के १९.२, ७० चे २० टक्के १४, ९० चे १५ टक्के १३.५. बेरीज ७४. नोंदवहीतले ९० दिसायला छान, पण त्यांचं वजन सगळ्यात कमी. चाचणीतले ६४ तुम्हाला खाली ओढतात.

एकच प्रात्यक्षिक दिलं नाही तर कितीसा फरक पडणार?

वाटतो त्यापेक्षा जास्त. आठपैकी सात प्रात्यक्षिकांत प्रत्येकी ८० टक्के आणि आठव्यात शून्य, तर सरासरी ७० वर येते. तेच आठवं उशिरा देऊन निम्मे, म्हणजे ४० मिळाले, तरी सरासरी ७५ राहते. अर्धवट अहवाल दिला तरी शून्यापेक्षा तो कितीतरी बरा.

प्रात्यक्षिकाच्या अहवालाचे २० गुण कसे देता?

प्रश्न आणि अंदाज २, कृती ३, नोंदींचा तक्ता ५, आकडेमोड आणि आलेख ४, निष्कर्ष ४, त्रुटींची चर्चा २. अंदाज चुकला म्हणून गुण जात नाहीत. निकाल पाहून अंदाज बदलला तर जातात, आणि ते ओळखू येतं, कारण अंदाज पेननं लिहून प्रयोगाआधी सही घ्यायची असते. 'कृती' इतकी स्पष्ट हवी की दुसऱ्या गटानं ती वाचून तोच प्रयोग करावा. 'दगडाचं वजन केलं' एवढं पुरत नाही. 'कोरडा दगड ०.१ ग्रॅमपर्यंत वाचता येणाऱ्या तराजूवर तीनदा मोजला' असं लिहा.

त्रुटींमध्ये 'मानवी चूक' लिहिलं की शून्य का?

कारण त्या दोन शब्दांतून काहीच कळत नाही. कुठली चूक, तिनं आकडा वाढला की घटला आणि साधारण कितीनं, ही तीन उत्तरं हवीत.

घनतेचं प्रात्यक्षिक घ्या. क्वार्ट्‌झचा तुकडा भरला ५३.१ ग्रॅम. मोजपात्रात आधी ६०.० मिली पाणी होतं, तुकडा सोडल्यावर ८१.० झालं. आकारमान २१.० मिली, घनता २.५३. मान्य किंमत २.६५ आहे, म्हणजे फरक ०.१२ आणि त्रुटी सुमारे ४.५ टक्के. आता हा आकडा कमी का आला? तुकड्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे हे एक कारण असू शकतं. ते आकारमान वाढवतात, म्हणून घनता कमी दिसते. आधी पाण्यात बुडवलेला ओला दगड तराजूवर ठेवला असता तर वस्तुमान वाढून घनता जास्त आली असती, म्हणजे ते कारण इथे बसत नाही. दगड वरून टाकल्यामुळे पाणी उडालं असतं तर आकारमान कमी भरून घनता पुन्हा जास्तच आली असती. तेव्हा 'पाणी उडालं असेल' असं लिहिणाऱ्याला इथे गुण नाहीत, कारण त्यानं स्वतःच्या आकड्याची दिशा पाहिलेली नाही. दगडाला दोरा बांधा, मोजपात्र तिरकं धरून तो हळू सोडा आणि पात्राला टिचकी मारून बुडबुडे काढा.

पाण्याची पातळी वाचताना डोळा वक्र पृष्ठभागाच्या तळाच्या रेषेत हवा. वरून पाहिलं तर आकडा जास्त दिसतो. दोन्ही वाचनं सारख्याच उंचीवरून घेतली असतील तर ही चूक वजाबाकीत बरीचशी कटते. अहवालात हे कुणी लिहिलं की वाचणाऱ्याला फार बरं वाटतं. आणखी एक गोष्ट, तुकडा फार लहान निवडू नका. एका मिलीच्या खुणा असलेल्या पात्रात ५ मिलीचा दगड मोजताना अर्ध्या मिलीची गडबड म्हणजे १० टक्के. २० मिलीच्या दगडाला तीच गडबड २.५ टक्के.

खनिजाचं नाव बरोबर लिहिलं, तरी ५ पैकी २ च?

प्रत्येक नमुन्याला ३ गुण तीन गुणधर्मांचे, १ कारणाचा आणि १ नावाचा. नुसतं नाव बरोबर आलं तर १, त्यासोबत एखादा गुणधर्म असला तर २. उलट नाव चुकूनही ४ मिळतात, जर गुणधर्म नीट तपासले असतील आणि त्यांवरून काढलेलं अनुमान सुसंगत असेल. नमुना तपासायचा आहे, पाठ करायचा नाही. म्हणूनच चाचणीतले तुकडे वर्गातल्या पेटीतले नसतात.

रंगावर विसंबू नका. क्वार्ट्‌झ पांढरा, गुलाबी, जांभळा, धुरकट, काहीही असतो. हेमॅटाइट कधी लालसर, कधी पोलादासारखा चकचकीत. पण न झिलई दिलेल्या पांढऱ्या फरशीवर घासला की त्याचा कस, म्हणजे उमटणाऱ्या भुकटीचा रंग, तांबूस तपकिरीच येतो. पायराइट सोन्यासारखा पिवळा असला तरी कस हिरवट काळा. कठिनता (खाली दिलेल्या १ ते १० च्या श्रेणीत) साधारण ७ च्या वर गेली की खनिजाचा कस उमटत नाही, फरशीच ओरखडते. अशा वेळी तक्त्यात 'कस पांढरा' लिहू नका, 'कस मिळाला नाही, फरशीपेक्षा कठीण' असं लिहा. तीही नोंदच आहे.

कठिनतेसाठी जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीड्रिख मोस यांनी १८१२ मध्ये मांडलेली १ ते १० ची श्रेणी वापरतो. टाल्क १, जिप्सम २, कॅल्साइट ३, फ्लोराइट ४, ॲपेटाइट ५, ऑर्थोक्लेज ६, क्वार्ट्‌झ ७, टोपाझ ८, कोरंडम ९, हिरा १०. नख सुमारे २.५ आणि काच सुमारे ५.५. ही क्रमवारी आहे, मोजमाप नव्हे. हिरा कोरंडमपेक्षा एकाच पायरीनं वर असला तरी कितीतरी पट कठीण आहे.

सगळ्यात जास्त गोंधळ काचेवरच्या रेघेचा होतो. मऊ खनिज काचेवर घासलं की त्याचीच भुकटी पांढऱ्या रेघेसारखी उमटते आणि विद्यार्थी 'काच ओरखडली' असं लिहून मोकळे होतात. ओल्या बोटानं पुसून पाहा. रेघ गेली तर ती भुकटी होती. राहिली आणि नखाला खाच लागली, तर ओरखडा. काच टेबलावर सपाट ठेवूनच घासा, हातात धरून कधीच नाही.

विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एकच थेंब पुरतो. कॅल्साइट लगेच फसफसतो. डोलोमाइट सहसा भुकटी केल्यावरच, आणि तेही मंदपणे. क्वार्ट्‌झ फसफसताना दिसला तर घाईनं नवा शोध जाहीर करू नका. आधीच्या गटानं घासलेल्या कॅल्साइटची धूळ त्याच्यावर असते. नमुना धुऊन, पुसून पुन्हा थेंब टाका.

मला रंगांतला फरक नीट कळत नाही. कसाची चाचणी कशी करू?

रंग जोडीदारानं सांगायचा आणि तक्त्यात 'रंग जोडीदारानं पाहिला' असं लिहायचं. गुण कापले जात नाहीत. वर्षाच्या सुरुवातीलाच आम्हाला सांगून ठेवा, म्हणजे चाचणीत तशी सोय करता येते.

नकाशाच्या प्रश्नांत गुण कुठे जातात?

तीन ठिकाणी. पहिलं, शिखराची उंची. सर्वांत आतली बंद समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा) ६४० मीटरची आणि रेषांमधलं अंतर २० मीटर असेल, तर शिखर ६४० च्या वर आणि ६६० च्या खाली आहे, एवढंच नकाशा सांगतो. '६५०' हे उत्तर चूक, कारण ते तुम्ही मनानं घातलं.

दुसरं, नदीचा प्रवाह. समोच्च रेषा नदी ओलांडताना वाकून टोक करतात आणि ते टोक उगमाकडे असतं. पाणी त्याच्या उलट दिशेला वाहतं. निम्मा वर्ग दर वर्षी बाण उलटा काढतो. खात्री करायची तर दोन्ही बाजूंच्या रेषांचे आकडे वाचा. पाणी काही चढावर जाणार नाही.

तिसरं, एकक. १:५०,००० च्या नकाशावर ४ सेमी म्हणजे २ किमी. तेवढ्या अंतरात १६० मीटर उतार असेल तर उत्तर 'किलोमीटरला ८० मीटर'. नुसतं '८०' लिहिलं तर अर्धे गुण. छेद, म्हणजे डोंगर उभा कापल्यासारखी बाजूची आकृती, काढताना उभं प्रमाण १ सेमीला १०० मीटर घेतलंत तर ते १:१०,००० होतं, म्हणजे डोंगर प्रत्यक्षापेक्षा पाच पट उंच दिसतो. हे 'पाच पट' आकृतीखाली लिहायचं असतं. त्याचा १ गुण आहे आणि तो बहुतेक जण सोडून देतात.

भूकंपाच्या प्रात्यक्षिकात माझी तिन्ही वर्तुळं एका बिंदूत मिळत नाहीत. चुकलं का?

बहुधा नाही. ही वर्तुळं तीन भूकंपमापन केंद्रांभोवती काढतो, आणि प्रत्येकाची त्रिज्या म्हणजे त्या केंद्रापासून भूकंपाचं अंतर. पृथ्वीच्या कवचात आधी पोहोचणाऱ्या प्राथमिक लहरी सेकंदाला साधारण ६ किमी, मागून येणाऱ्या द्वितीय लहरी ३.५ किमी वेगानं जातात असं धरलं, तर दोन्ही पोहोचण्यातल्या प्रत्येक सेकंदाच्या फरकामागे अंतर सुमारे ८.४ किमी येतं. २४ सेकंदांचा फरक म्हणजे जवळपास २०० किमी. पण खरा वेग खडकानुसार बदलतो, आणि भूकंपनाभी (भूकंप जिथे सुरू होतो ती जागा) जमिनीखाली असते, पण आपण वर्तुळं सपाट कागदावर काढतो. म्हणून मधे छोटा त्रिकोण उरतो. अपिकेंद्र, म्हणजे नाभीच्या थेट वरचा जमिनीवरचा बिंदू, त्या त्रिकोणात दाखवा आणि त्रिकोणाची रुंदी किलोमीटरमध्ये लिहा. कर्कटक जरासं दाबून वर्तुळं जुळवून आणणाऱ्यांच्या त्रिज्या आम्ही पट्टीनं मोजतो.

त्रिकोण फारच मोठा आला तर मात्र नकाशाचं प्रमाण तपासा. बहुतेक वेळा एका वर्तुळाची त्रिज्या किलोमीटरचे सेंटिमीटर करताना चुकलेली असते.

आलेखात बिंदू जोडायचे की नाहीत?

मोजमापांचा आलेख असेल तर बिंदू एकेक जोडू नका. त्यांच्या मधून जाणारी एकच सलग रेषा किंवा वक्र काढा. अर्धायुष्य म्हणजे किरणोत्सारी पदार्थ निम्मा उरायला लागणारा काळ; त्याच्या प्रयोगात १०० नाणी पेटीत हलवून छापा आलेली बाजूला काढतो. उरलेली ५३, मग २७, मग १२ अशी येतात. ५०, २५, १२.५ अशी नोंद दिसली तर तो गट पेटी न हलवताच लिहीत बसला होता हे उघड आहे, निदान अर्ध्या नाण्यावरून तरी.

याच प्रकरणावर चाचणीत एक प्रश्न हमखास असतो. कार्बन-१४ चं अर्धायुष्य ५,७३० वर्षं. एखाद्या लाकडात मूळच्या २५ टक्के उरला असेल तर दोन अर्धायुष्यं, म्हणजे ११,४६० वर्षं. पुढचा उपप्रश्न असा, की डायनासोरच्या हाडाचं वय असं का काढता येत नाही? सुमारे ५०,००० वर्षांनंतर मोजण्याजोगा कार्बन-१४ उरतच नाही, आणि डायनासोर नाहीसे होऊन ६.६ कोटी वर्षं झाली. इथे दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवणं अपेक्षित आहे.

चाचणीत चार गुणांच्या उत्तरात नेमकं काय लिहायचं?

'ऋतू का होतात?' हा प्रश्न घ्या. पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.५ अंश कललेला आहे, १ गुण. सूर्याभोवती फिरताना तो कल एकाच दिशेला राहतो, १. त्यामुळे किरण कधी जास्त सरळ, कधी तिरपे पडतात, १. दिवसाची लांबी बदलते, १. 'उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते' असं लिहिलं तर चारपैकी एकही नाही. पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, सुमारे १४.७१ कोटी किमीवर. जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर, १५.२१ कोटी किमीवर. आणि अंतरच कारण असतं तर दोन्ही गोलार्धांत उन्हाळा एकदमच आला असता.

उत्तराची लांबी पाहिली जात नाही. चार नेमकी वाक्यं पुरतात.

दीर्घ प्रकल्पात काय करावं लागतं?

दोनपैकी एक निवडायचं. पहिला पर्याय चंद्राची नोंदवही. सलग ३० दिवस, शक्य तितकं एकाच जागेवरून, तारीख, वेळ, दिशा, क्षितिजापासून उंची आणि चंद्राचा आकार. उंचीसाठी हात सरळ पुढे ताणून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, तेव्हा ठरलेल्या एकाच वेळी बाहेर आलात तर निम्मे दिवस तो दिसणार नाही. कृष्ण पक्षात पहाटे उठावं लागेल. हे आधीच सांगितलेलं बरं.

आभाळ भरलेलं असेल तर 'ढगाळ, चंद्र दिसला नाही' असं वेळेसह लिहा. त्या नोंदीला पूर्ण गुण आहेत. दिनदर्शिकेवरून रिकाम्या जागा भरल्या की चूक होतेच. शुक्ल पक्षातली तिसऱ्या-चौथ्या दिवसाची बारीक कोर रात्री बाराला डोक्यावर काढलेली सापडते. ती कोर तर सूर्यामागोमाग मावळलेली असते. किंवा कोरीची उजळ बाजू सूर्याच्या उलट दिशेला काढलेली असते. अशी एक नोंद सापडली की बाकीच्याही तपासल्या जातात.

दुसरा पर्याय पृथ्वीच्या इतिहासाची पट्टी. ४६ मीटर लांब कागदी पट्टी, १ सेमी म्हणजे १० लाख वर्षं. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं, म्हणजे पट्टीवर ४५.४ मीटर. किमान २५ घटना मोजून मांडायच्या आणि प्रत्येकीचा पुरावा दोन ओळींत लिहायचा. सगळ्यात मोठा सामूहिक विनाश, २५.२ कोटी वर्षांपूर्वीचा, पट्टीच्या शेवटापासून, म्हणजे आजपासून, २.५२ मीटरवर येतो. डायनासोर शेवटापासून ६६ सेमीवर संपतात, आणि आपल्या मानवप्रजातीची तीन लाख वर्षं ३ मिलिमीटरमध्ये मावतात, पेन्सिलच्या जाड रेघेएवढ्या. या पर्यायात गुण बहुधा पुराव्यात जातात. 'शास्त्रज्ञांना कळलं' हा पुरावा नव्हे. कुठल्या खडकात, काय सापडलं, वय कुठल्या पद्धतीनं काढलं, ते लिहा.

नोंदवही कशी तपासता?

न सांगता, वर्षातून चारदा. पानांना क्रमांक, प्रत्येक नोंदीला तारीख, आकड्यांना एकक. चुकलं तर एक आडवी रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. पांढरी शाई चालत नाही, पान फाडलं तर त्या तपासणीचे निम्मे गुण. घरी सुबकपणे उतरवून काढलेली वही आम्हाला नको. आम्लाचा डाग पडलेली मूळ वही चालते.

गटात काम केलं तर सगळ्यांना सारखेच गुण?

आकडे सामाईक, लेखन प्रत्येकाचं स्वतःचं. तक्ता सारखा असणार हे उघड आहे. निष्कर्षाची वाक्यं सारखी आली तर तो भाग दोघांचाही शून्य. गटातला एखादा काहीच करत नसेल तर प्रयोग चालू असतानाच सांगा, अहवालाच्या दिवशी नव्हे.

पालकांनी किंवा संगणकानं मदत केली तर?

समजून घेण्यासाठी कुणाचीही मदत घ्या. नोंदी, आकडे आणि निष्कर्षाचे शब्द मात्र तुमचे हवेत. शंका आली तर आम्ही अहवालातल्या एका वाक्यावर बोट ठेवून 'हे समजावून सांग' म्हणतो. सांगता आलं तर विषय तिथेच संपतो.

उशीर झाला किंवा गैरहजर राहिलो तर?

उशिराच्या प्रत्येक दिवसाला १० टक्के कमी, तीन दिवसांपर्यंत. त्यानंतर निम्म्या गुणांवर, घटक संपेपर्यंत. आजारपणाची चिठ्ठी असेल तर कपात नाही. चुकलेलं प्रात्यक्षिक दोन आठवड्यांत पुन्हा करता येतं. ते शक्य नसेल तर दुसऱ्या गटाचे आकडे मिळतात, पण मग 'कृती'चे ३ गुण मिळत नाहीत.

चाचणी परत देता येते का?

एकदा, ६० पेक्षा कमी टक्के असतील तर. आधी चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाशेजारी चूक कशामुळे झाली ते लिहून आणायचं. जास्तीत जास्त ७५ टक्के धरले जातात. जादा गुणांसाठी तक्ते, सजावट वगैरे काही नाही.

रोज काय आणायचं?

नोंदवही, पेन्सिल, पट्टी, कर्कटक, कोनमापक, आलेख कागद आणि साधा गणकयंत्र. मोबाइल गणकयंत्र म्हणून चालत नाही. आम्लाच्या दिवशी बंद बूट, बांधलेले केस आणि संरक्षक चष्मा. चष्मा नसेल तर टेबलाजवळ उभं राहता येत नाही, आणि त्या दिवसाची 'कृती' जाते. नमुने चाटून पाहू नका; हॅलाइट खारट लागतो हे खरं असलं तरी त्या तुकड्यावर वर्षभरातल्या सगळ्या वर्गांचे हात फिरलेले असतात.

गुण चुकीचे दिलेत असं वाटलं तर?

कागद मिळाल्यापासून सात दिवसांत, कुठल्या ओळीला किती गुण हवे होते आणि का, हे लिहून द्या. सोबत मूळ नोंदवही आणा. तेवढीच ओळ नव्हे, ते संपूर्ण उत्तर पुन्हा तपासलं जातं, त्यामुळे गुण वाढतात तसे कमीही होऊ शकतात. बेरजेची चूक असेल तर लिहून द्यायची गरज नाही, कागद दाखवा, तिथल्या तिथे दुरुस्त होते.